शंभर नंबरी तेल

त्या घरात बशा कधी गप्प बसायच्या नाहीत. तळमजल्यावर इंजिन सुरू झालं की वर स्वयंपाकघरात फळीवरच्या बशा एकमेकींना कोपरं मारायला लागायच्या, डब्यातले चमचे कुजबुजायचे, आणि सासूबाई शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणायच्या, "झाली सुरू माझ्या सुनेची गिरणी."

गिरणी कसली, डिझेल तपासायची खोली होती ती. एकाच सिलिंडरचं, हिरव्या रंगाचं, ठेंगणं इंजिन सिमेंटच्या ओट्यावर पक्कं बसवलेलं. दिवसभर धडधडायचं आणि जागचं हलायचं नाही. सासूबाईंना पहिल्या पहिल्यांदा ते भारी खटकायचं. "एवढं पितंय आणि एक पाऊल पुढे टाकत नाही. थेट आमच्या धाकट्या दिरावर गेलंय," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पण बसवाले, बोटवाले, पंपवाले डबे घेऊन दारात उभे राहायला लागले, सुनेला 'मॅडम, मॅडम' करायला लागले, तसा त्यांचा सूर बदलला. मॅडमची सासू म्हणजे कोण, हे पलीकडच्या आळीलाही कळलं पाहिजे ना!

सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा साऱ्या आळीच्या परिचयाचा. लोक त्यांना पाठीमागे 'तोफ' म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. शाळा त्यांनी बाहेरूनच जास्त पाहिलेली. आकडे ओळखत, सही करत, वर्तमानपत्राचे मथळे बोट ठेवून वाचत. पण कापडाला कात्री लावताना टेप त्यांना लागायची नाही, आणि माणूस जोखतानाही नाही.

एकदा काजं करता करता त्यांनी सुनेला विचारलं होतं, "तू त्या डिझेलचं मोजतेस तरी काय? वजन?"

"उशीर मोजते, आई," सून म्हणाली. "डिझेलला काडी लावावी लागत नाही. कोंडून तापवलेल्या हवेत फवारा सोडला की ते आपलं आपण पेटतं. पण पडल्यापासून पेटेपर्यंत जरासा वेळ जातोच. तो वेळ जितका कमी, तितकं डिझेल चांगलं, गाडी थंडीतही पटकन सुरू होते."

"आणि हा जरासा वेळ मोजायचा कशानं? तुझ्या नवऱ्याच्या घड्याळानं?"

"दोन बाटल्यांनी. एकीत असतं सीटेन. पडायचा अवकाश, भडकलंच. त्याचा आकडा शंभर. दुसरीतलं आहे ते आळशी, विचार करून करून पेटतं. त्याचं नाव आगगाडीएवढं लांब आहे, आकडा पंधरा. दोन्ही मापानं मिसळायची, वेगवेगळी मिश्रणं करायची, आणि बघायचं, गिऱ्हाइकाचं डिझेल कुठल्या मिश्रणासारखं वागतंय. तेवढा त्याचा आकडा."

"म्हणजे सीटेन झालं शंभर नंबरी."

"अगदी शंभर नंबरी. तुमच्यासारखं," सून हसत म्हणाली. "शब्द पडायचा अवकाश, पेटलात."

"आणि माझा लेक?"

"पंधरा. परवा सकाळी विचारलं, चहा टाकू का. टँकर घेऊन निघून गेला आणि दुपारी कुठूनतरी फोन करून म्हणाला, हो, टाक."

सासूबाई खूश. दुसऱ्या दिवशी त्यांनी आळीत चार घरी जाऊन सांगितलं की इंजिनावर माप घेतलं तर आपण शंभर भरतो, सुनेनं तपासलंय.

आता या सुनेचं एक दुखणं होतं. मोजायचं तिनं, पण कागदावर सही करायची दुसऱ्यानं. तिच्याकडे इंजिन चालवायचा परवाना होता, सहीचा नव्हता. म्हणून दर आठवड्याला एक निवृत्त इंजिनिअर यायचे. घरात सगळे त्यांना 'सहीवाले काका' म्हणायचे. काका यायचे, पोटभर जेवायचे, खुर्चीत घोरायचे, उठायचे, एकही कागद न वाचता फराफरा सह्या ठोकायचे आणि जायचे. गिऱ्हाइकाच्या हातात पडायचा तो कागद काकांच्या नावाचा. सुनेनं तीन वर्षं हे गिळलं. शेवटी तिनं अर्ज केला. सहीचा हक्क हवा तर परीक्षा द्यायची: वरच्या कचेरीचा माणूस सीलबंद डबा घेऊन येणार, आतल्या डिझेलचा आकडा फक्त त्यालाच ठाऊक. सुनेनं त्याच्यासमोर मोजायचं. जुळलं तर सही तिची. नाही जुळलं तर वर्षभर पुन्हा काकांचं घोरणं ऐकायचं.

"जुळेल," सासूबाई म्हणाल्या. "न जुळून सांगतंय कुणाला?"

परीक्षेच्या आठवड्यात नेमकी कडाक्याची थंडी पडली. अंगणातल्या कोठीत सुनेच्या बाटल्या असत. ती आणायला गेली तर सीटेन गोठून पांढरंधोट, मेणबत्तीसारखं. त्याची खोडच ती. दुसऱ्या कुणाला थंडी वाजायच्या आत हे आकसून बसतं. पंधरावालं मात्र तसंच पाण्यासारखं. सुनेनं दोन्ही बाटल्या वर आणल्या आणि स्वयंपाकघरात गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या फळीवर ठेवल्या, कारण सबंध घरात ऊब तेवढीच.

"गोठलंय ते एकच, मग दोन्ही कशाला आणल्यास?" सासूबाईंनी विचारलं.

"मापताना दोन्हींना सारखीच ऊब लागते. नाहीतर माप चुकतं. आणि आई, यातलं टिपूसही हलवायचं नाही हं. उद्याची परीक्षा याच्यावर आहे."

"मी काय लहान मूल आहे, बाटल्यांशी खेळायला?"

दुपारपर्यंत सीटेन वितळून लखलखीत झालं. पाणी शेजारी ठेवलं असतं तर ओळखू आलं नसतं. सून खाली इंजिन पुसत होती. वर सासूबाईंकडे एका हॉटेलच्या वेटरांची जाकिटं शिवायला आलेली, संध्याकाळी द्यायची. आणि मशीन अडून बसलं. पाय मारला की कुरकुर, चाक फिरवलं की किरकिर. तेलाची कुपी हलवून पाहिली तर ठणठणीत कोरडी.

दुकान होतं, पण ते आळीच्या टोकाला, आणि बाहेर वारा असा की कान गळून पडावेत. सासूबाईंची नजर फळीवर गेली. बाटलीवर ठळक अक्षरांत १००. शंभर नंबरी तेल! आयुष्यभर या मशीनला मेलं भेसळीचं, काळं पडणारं तेल पाजलं. एक दिवस चांगलं मिळालं तर काय आभाळ कोसळणार आहे? टिपूस हलवू नको म्हणाली ती विस्तवाच्या भीतीनं म्हणाली असणार. इथे विस्तव कुठाय?

चार थेंब घ्यायचे होते. पण बाटली मोठी, कुपीचं तोंड बारीक, आणि नरसाळं कुठे ठेवलंय हे शोधेल तो माणूस सासूबाई नव्हे. ओतलं. कुपी भरली, आणि कुपीहून जास्त टेबलावर सांडलं. सांडलेलं वाया कसं घालवायचं? त्यांनी फडक्यानं टिपलं आणि ते फडकं घेऊन घरभर फिरल्या. दाराच्या बिजागऱ्या, कपाटाच्या कड्या, खुर्चीची चाकं, कात्री, सगळ्यांना पुसून घेतलं. घर कसं मऊ झालं. मशीन तर असं पळायला लागलं की जाकिटाची बाही कधी संपली कळलंच नाही.

मग त्यांनी बाटलीकडे पाहिलं. गळ्यापर्यंत भरलेली होती, ती आता पार खांद्याखाली आलेली.

सासूबाईंनी जिन्याकडे एक नजर टाकली. घाबरल्या असं नाही. त्या कशाला घाबरतात! पण सुनेची नजर तीक्ष्ण, आणि उगीच बोलाचाली कशाला परीक्षेच्या आदल्या दिवशी? शेजारी दुसरी बाटली उभीच होती, तीही पाण्यासारखी स्वच्छ, अर्धीमुर्धी वापरलेली, तिच्यातलं गेलं तर कुणाला कळतंय. तिच्यावर आकडा १५. सासूबाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. शंभरात पंधराची भर पडली तर झाले एकशे पंधरा. म्हणजे पोरीचं नुकसान तर नाहीच, उलट कल्याण! त्यांनी वाटीभर ओतलं, बाटली पुन्हा गळ्यापर्यंत आणली, बूच लावलं आणि समाधानानं जाकिटांची बटणं लावायला बसल्या.

सकाळी परीक्षक आला. सुकलेला, नाक लाल झालेला, गळ्याला मफलर गुंडाळलेला माणूस, दर दोन वाक्यांमागे शिंकणारा. हातात शिशाचं सील लावलेला डबा. तो खाली बसून सील मोडेपर्यंत सून बाटल्या न्यायला वर आली. कपभर चहा उभ्याउभ्याच पीत होती. हात गार पडलेले, पण डोळे चमकत होते.

सासूबाईंना वाटलं, परीक्षेला निघालेल्या पोरीला जरा खुशखबर द्यावी. पण एकदम सगळी नको, थोडी आडून.

"काय गं, समजा, शंभरात कुणी पंधराचं घातलं. मग किती होईल? एकशे पंधरा?"

सून खळखळून हसली. "आई, ही काय खात्यावर जमा आहे बेरीज व्हायला? गरम पाण्यात गार ओतलं तर जास्त गरम होतं का? शंभर उतरेल. नव्वद होईल, पंच्याऐंशी होईल, कुणास ठाऊक. आणि मग आख्खी मोजपट्टीच खोटी. बाटलीवर शंभर आणि आत भलतंच. आलेली सही दारातून परत जाईल." तिनं कप ठेवला, दोन्ही बाटल्या छातीशी धरल्या. "चला. येते मी."

आणि ती गेली.

सासूबाई तशाच उभ्या. सबंध आयुष्यात असा प्रसंग नव्हता की बोलायची वेळ आली आणि तोंड उघडलं नाही. आज जीभ टाळूला चिकटली. जिन्यात पोरीची पावलं वाजली, खालचं दार वाजलं. मग फळीवरच्या बशा थरथरायला लागल्या. इंजिन सुरू झालं.

त्या मशीनवर जाऊन बसल्या. पाय मारला. मशीन अगदी गुमान, लोण्यातून सुई जावी तसं चाललं. इतकं सुंदर ते कधीच चाललं नव्हतं. सासूबाईंनी त्याला एक शिवी दिली आणि उठल्या.

खालच्या खोलीत आवाजानं भिंती हलत होत्या. सून आणि परीक्षक दोघांच्याही कानांवर जाडजूड आच्छादनं. सून एक हात चक्रावर ठेवून उशीर दाखवणाऱ्या काट्याकडे पाहत होती, तो थरथरत थरथरत स्थिर व्हायची वाट पाहत होती. परीक्षक वहीत काहीतरी टिपत होता. सासूबाई दारातूनच ओरडल्या, "अगं, मी ओतलंय त्यात!"

सुनेनं हातानं खूण केली, बसा बसा. परीक्षकानं मान लववून नमस्कार केला.

"शंभरच्या बाटलीत पंधराचं ओतलंय! काल! मी!"

परीक्षक हसला आणि अंगठा वर केला. त्याला वाटलं, म्हातारी सुनेला हिंमत देते आहे.

सासूबाई मागे फिरल्या. सांगितलं ना? सांगितलं. तोफ डागावी तसं सांगितलं. आता ऐकणाऱ्याच्या कानांत बोळे असतील तर त्याला त्या काय करणार? आपलं काम झालं. त्या जिना चढायला लागल्या. अर्ध्या जिन्यात त्या थांबल्या. डोळ्यांसमोर सहीवाले काका आले, खुर्चीत पसरलेले, तोंड उघडं. आणि त्यांच्यासमोर हात बांधून उभी असलेली आपली सून.

"छे," त्या स्वतःलाच म्हणाल्या, "हे काही सांगणं नव्हे," आणि खाली उतरल्या.

या वेळी त्या दारात थांबल्या नाहीत. सरळ सुनेजवळ गेल्या आणि तिचं मनगट धरलं. सुनेनं वळून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. असा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता. नवऱ्याला टँकरवर काही झालं की काय, असंच तिला वाटलं. तिनं झटकन इंधन तोडलं. इंजिन दोनचार आचके देऊन थांबलं. दोघांनी कानांवरची आच्छादनं काढली. खोलीत इतकी शांतता पसरली की वरच्या बशासुद्धा कान देऊन राहिल्या असाव्यात.

"काय झालं, आई?"

सासूबाईंनी एकदा परीक्षकाकडे पाहिलं. परक्या पुरुषासमोर! पण आता मागे फिरणं नव्हतं.

"काल दुपारी मी तुझ्या शंभरच्या बाटलीतलं तेल मशीनला घातलं. सांडलंही. आणि मग कळू नये म्हणून त्यात पंधराचं ओतलं. वाटीभर. तू नको म्हणाली होतीस. चुकलं माझं."

हे शेवटचे दोन शब्द त्या घरात त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. सासरे होते तेव्हा चूक कुणाचीही असो, कबूल तेच करत.

सुनेनं बाटलीकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, पुन्हा बाटलीकडे पाहिलं. मग मात्र तिचा बांध फुटला.

"टिपूस म्हटलं होतं मी! टिपूसही हलवू नका! आणि तुम्ही वाटी? आई, वाटी?"

"वाटी."

"कुठली वाटी?"

"निळ्या काठाची. मोठी नव्हे, छोटी."

"छोटी म्हणे! म्हणून मघा ते एकशे पंधराचं विचारत होतात! तेव्हा का नाही बोललात? दातखीळ बसली होती?"

"हो," सासूबाई म्हणाल्या. "बसली होती."

भांडायची एवढी तयारी आणि समोरून भांडणच नाही, म्हणजे पायरी आहे म्हणून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी तसं झालं सुनेचं. तिनं ओट्यावर हात टेकले.

परीक्षक शिंकला. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही मला आकडा सांगितलात का?"

"नाही. अजून काटाच स्थिर झाला नव्हता."

"मग झालं तर. आकडा तोंडातून गेला असता तर विषय संपला होता, मीही काही करू शकलो नसतो. पण मोजपट्टी खोटी निघाली आणि आकडा सांगायच्या आधी निघाली, तर नव्या पट्टीनं पहिल्यापासून मोजता येतं. नियमच आहे तसा. दुसरी बाटली आहे?"

"कोठीत आहे. पण दगड झाली असेल."

"वितळवा. माझी गाडी संध्याकाळची आहे. आजी, तोवर चहा मिळेल का?"

"आजी कुणाची? काकू म्हणा," सासूबाई म्हणाल्या. आवाज जरा परत आला होता.

सुनेनं नवी बाटली आणली, पांढरीशुभ्र, आत जणू बर्फ भरलाय. कोमट पाण्याच्या टबात ती उभी केली. सासूबाई मदतीला पुढे झाल्या तशी सून म्हणाली, "तुम्ही हात मागे बांधून उभ्या राहा." आणि कुणाला खरं वाटणार नाही, पण त्या राहिल्या. बराच वेळ राहिल्या. मग पाणी निवायला लागलं तेव्हा सूनच म्हणाली, "बरं, वरून गरम पाणी आणा. पाणीच आणा, दुसरं काही ओतू नका." त्या तीनतीनदा जिना चढल्या-उतरल्या आणि एकदाही गुडघ्यांचं नाव काढलं नाही.

परीक्षक वर येऊन चहा पीत बसला. त्याच्या कोटाचा खिसा उसवून लोंबत होता. सासूबाईंना फाटकं बघवत नाही. "काढा तो कोट," त्या म्हणाल्या, आणि त्यानं तो काढेपर्यंत धागा ओवून तयार.

"ही लाच तर नाही ना, काकू?"

"लाच द्यायची असती तर नवा कोट शिवला असता. हे नुसतं डोळ्यांना खुपतंय म्हणून."

मशीन सर्रकन धावलं. परीक्षकानं कौतुकानं पाहिलं. "काय मऊ चालतंय हो मशीन तुमचं."

"चालेल नाहीतर काय. प्रयोगशाळेचं तेल पितंय ते. सगळ्या आळीत एवढं महागडं खाणं दुसऱ्या कुणाचं नाही."

परीक्षकाला चहाचा ठसका लागला.

सीटेन सगळं वितळलं. पंधराच्या बाटलीलाही त्याच पाण्यात उभं करून सारखी ऊब दिली. सुनेनं पुन्हा मापं घेतली, काचेच्या मापनळ्यांत डोळ्यांच्या पातळीला धरून, श्वास रोखून. इंजिन सुरू झालं. सासूबाई दाराशी स्टुलावर बसल्या, कानांवर आच्छादनाऐवजी स्वतःचेच तळहात. परीक्षकाचं डिझेल, मग एक मिश्रण, मग दुसरं, मग पुन्हा परीक्षकाचं. चक्र फिरत होतं, काटा थरथरत होता, स्थिर होत होता. सुनेचा चेहरा दगडासारखा. शेवटी तिनं इंजिन थांबवलं, कागदावर आकडेमोड केली, एकदा तपासली, आणि मान वर केली.

"एकावन्न. एकावन्नच्या जरासं वर, पण बावन्न नाही."

परीक्षकानं लिहून घेतलं. पेन बंद केलं. शिंक येणार म्हणून थांबला, ती आली नाही. सासूबाईंना वाटलं, या माणसाला आता हलवून सांगावं, बाबा, पेट की लवकर!

"बरोबर आहे," तो म्हणाला.

सून मटकन स्टुलावर बसली, त्याच स्टुलावर जिथे सासूबाई होत्या, त्यामुळे दोघी अर्ध्या अर्ध्या.

"आणि मघाच्या बाटलीनं किती आलं असतं?" परीक्षकानं विचारलं.

सुनेनं मनात हिशेब केला. "पंचावन्नच्या आसपास."

"मग मी तुम्हाला पुढच्या वर्षी भेटलो असतो."

त्यानं कागद काढले. सुनेनं सही करायला पेन घेतलं. तीन वर्षं ज्या जागी काकांचा फराटा पडायचा, त्या जागी. तिनं जपून, कोपऱ्यात, बारीकशी सही केली.

सासूबाई खांद्यावरून वाकून पाहत होत्या. "ही सही आहे की मुंगी चिरडलीस? इतक्या वर्षांनी मिळाली आणि एवढीशी? जागा फुकटची आहे, हात मोकळा सोड."

"आई, कागद सरकारी आहे."

"मग तर आणखीनच मोठी कर. सरकारला चष्मा असतो."

परीक्षक म्हणाला, "दुसऱ्या प्रतीवर मोठी करा हवं तर. आणि काकू, तुम्हीही इकडे या. परीक्षा मधेच थांबवून पुन्हा घेतली, त्याचं कारण लिहावं लागतं. मी लिहिलंय: घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीनं बाटलीत भेसळ केली आणि स्वतः येऊन सांगितलं. खाली तुमची सही लागेल."

"माझी? सरकारी कागदावर?"

"हो. चुकीची कबुली म्हणून."

सासूबाईंनी पदराला हात पुसले. पेन बोटांत बसवलं. जीभ दातांत धरून, एकेक अक्षर ओळीनं उभं करत, त्यांनी आपलं नाव लिहिलं, ते रकान्याच्या बाहेर गेलं, मार्जिन ओलांडून पार परीक्षकाच्या शिक्क्यापर्यंत पोहोचलं. मग जरा मागे सरकून, मान तिरकी करून त्यांनी दोन्ही सह्या पाहिल्या, वरची आणि खालची.

"हा कागद कुठे जातो?"

"वरच्या कचेरीत. कपाटात राहतो."

"मग नीट जपून ठेवा म्हणावं," सासूबाई म्हणाल्या, आणि सुनेच्या हातात पेन परत दिलं. "हं, आता तुझी दुसरी. माझ्याएवढी तरी कर."